सहीसाठी आलेला निरोप : घटस्फोटानंतर वडील आणि सज्ञान मुले यांच्या नात्याचे एक प्रकरण

हे प्रकरण बेळगाव शहराच्या दक्षिण भागातील एका मराठी कुटुंबाचे आहे. ओळख पटू नये म्हणून कोणालाही नाव दिलेले नाही आणि काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि निर्णयांमागची कारणे मात्र तशीच ठेवली आहेत. थोरली मुलगी त्या वेळी २१ वर्षांची होती आणि धाकट्या मुलाला नुकतीच १८ वर्षे पूर्ण झाली होती. थोरली तिच्या महाविद्यालयातील एका शिक्षिकेच्या सांगण्यावरून माझ्याकडे समुपदेशनासाठी आली, पुढे धाकटा आणि आईही आले. वडिलांनी मात्र यायला नकार दिला. त्यांची बाजू मुलांच्या सांगण्यावरून आणि त्यांनी स्वतः मुलीला दाखवलेल्या कागदांवरून जेवढी कळली तेवढीच येथे आहे, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

मुले लहान असताना ताबा, भेटी आणि पोटगी यांवर न्यायालयाचा हुकूम असतो, आणि चांगला असो वा अपुरा, त्या हुकुमाचा एक आधार असतो. मुले सज्ञान झाली की ताब्याचा आणि भेटींचा भाग आपोआप संपतो. वडिलांशी नाते ठेवायचे का, ठेवले तर कितपत, हा प्रश्न त्या दिवसापासून मुलांच्या गळ्यात येऊन पडतो आणि त्यांना तसे कोणी सांगतही नाही. या घरात तो एका सहीच्या निमित्ताने पडला.

पार्श्वभूमी

वडील उद्यमबागेतील एका कारखान्यात टर्नर म्हणून, म्हणजे लेथ यंत्रावर धातूचे भाग कातणारा कारागीर म्हणून, लागले आणि पुढे दोन लेथ घेऊन त्यांनी स्वतःचे जॉबवर्क सुरू केले. आईचे माहेर चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. सीमाभागात सोयरीक जुळवताना राज्याची हद्द कोणी मनातही आणत नाही. संसार मोडला की मात्र तीच हद्द आडवी येते, कारण माहेरी परतायचे तर मुलांची शाळा, रेशनकार्ड, रहिवासाचे आणि जातीचे दाखले हे सगळे दुसऱ्या राज्यात नव्याने उभे करावे लागते. म्हणून या आईने माहेरचा रस्ता धरला नाही. शहरातच अनगोळला भाड्याची खोली घेतली आणि शिवणकामावर घर चालवले.

संसार मोडण्याचे कारण पैशातून सुरू झाले. दुसऱ्या लेथसाठी वडिलांनी आईचे दागिने तिला न सांगता गहाण टाकले, कामे कमी झाली, दागिने सुटले नाहीत आणि भांडणे वाढत गेली. त्यांनी आईवर हात उचललेला थोरलीने दोनदा स्वतः पाहिला होता. धाकटा तेव्हा फार लहान होता. त्याच्या आठवणीत वडिलांच्या स्कूटरवर पुढे उभे राहून कारखान्यात जाणे एवढेच ठळक आहे. एकाच घरातील दोन मुलांच्या हाती एकाच वडिलांची दोन वेगवेगळी चित्रे होती आणि दोन्ही खरी होती. हा फरक सुरुवातीलाच ओळखला नसता, तर पुढे भावंडांत कायमचे वितुष्ट आले असते असे मला वाटते.

२०१५ साली हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली परस्पर संमतीने घटस्फोट झाला. मुले आईकडे, महिन्यातील दोन रविवारी वडिलांची भेट आणि मुलांच्या खर्चासाठी दरमहा ठरावीक रक्कम आईच्या बँक खात्यात, एवढेच तडजोडीत लिहिलेले होते. अठरानंतरच्या शिक्षणाचा खर्च कोणी करायचा, दाखल्यांसाठी वडिलांकडचे कागद लागले तर ते कसे मिळवायचे, मुले वयात आल्यावर भेटींचे स्वरूप काय असेल, यांबद्दल त्यात एक ओळही नव्हती. आईला कन्नड बोलता येते, कागदाचे कन्नड वाचता येत नाही. तिला मजकूर वाचून दाखवला गेला आणि तिने सही केली.

भेटी आत्याच्या घरी होत. तिथे मुलांना आईविषयी विचारले जाई, घरी आल्यावर वडिलांविषयी. प्रश्न विचारणाऱ्यांचा हेतू दरवेळी वाईट असे असे नाही, पण बारा-तेरा वर्षांच्या मुलीला प्रत्येक उत्तर तोलून द्यावे लागे. थोरलीने तेराव्या वर्षी जाणे बंद केले. ती का येत नाही हे विचारायला वडील एकदाही आले नाहीत. आईने शिकवले असेल असे धरून ते गप्प बसले. बहीण जात नाही म्हणून धाकट्याचेही जाणे थांबले. २०१७ साली वडिलांनी दुसरे लग्न केले, त्यांना एक मुलगी झाली, आणि २०१८च्या मध्यापासून बँकेत येणारे पैसे बंद झाले.

या काळात थोरलीने मोजलेली एक किंमत नोंदवण्यासारखी आहे. सीमाभागातील ८६५ गावांतील मराठीभाषक विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रातील उच्च शिक्षणात काही जागा असतात. बारावीनंतर तिने त्याची चौकशी केली होती, परंतु रहिवासाचे जुने कागद वडिलांच्या घरी होते आणि ते मागण्यासाठी तिला त्या दारात जायचे नव्हते. तिने शहरातच बी.कॉम. केले आणि एका खासगी कार्यालयात हिशेबाचे काम धरले. अबोला ठेवल्याने मन शांत राहते असे तिला वाटत असे, आणि काही अंशी ते खरेही होते. मात्र त्या अबोल्याने आपली एक वाट बंद केली हे तिने प्रथम माझ्यासमोर बोलून दाखवले.

प्रश्न कसा उभा राहिला

आजोबा वारल्यानंतर वडील आणि काका यांनी वडिलोपार्जित शेताची वाटणी करायचे ठरवले. जमीन दोन एकरांच्या आतलीच, पण शहराला लागून असल्याने भाव चढलेले. वकिलाने मुलींच्या सह्या लागतील असे सांगितले. आत्याने हक्कसोडपत्रावर सही केली होती. थोरलीच्या सहीसाठी काका एके दिवशी थेट तिच्या कार्यालयात गेले आणि छापील कन्नड मजकुराची काही पाने तिच्या टेबलावर ठेवली. वाचत बसायची गरज नाही, घरातल्या सगळ्या बायकांनी सही केली आहे, बाबांनीच पाठवले आहे, असे त्यांनी सांगितले. थोरली मराठी माध्यमात शिकलेली. कन्नड तिने शाळेत एक विषय म्हणून घेतले होते आणि बाजारात, बसमध्ये ती सहज बोलते, पण दस्तऐवजाची भाषा तिला उलगडली नाही. तिने पाने ठेवून घेतली आणि दोन दिवसांची मुदत मागितली.

पहिल्या भेटीत ती मला म्हणाली, "माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा त्यांना माझी आठवण झाली नाही. उताऱ्यावर नाव चढायची वेळ आली तेव्हा झाली." तिला राग होता, पण रागापेक्षा अपमान जास्त होता. इतक्या वर्षांनी वडिलांकडून आलेला पहिला निरोप तिच्यासाठी नव्हता, तिच्या सहीसाठी होता.

त्याच आठवड्यात घरात दुसरी गोष्ट उघड झाली. धाकटा मेकॅनिकल डिप्लोमा करतो. अभ्यासासाठी मित्राकडे जातो असे सांगून तो काही महिन्यांपासून वडिलांच्या शेडमध्ये लेथवर बसत होता. आईने त्याचा शर्ट धुवायला घेतला आणि बाहीला कूलंटचा, म्हणजे लेथवर धातू कापताना सोडतात त्या द्रवाचा, वास आला. टर्नरच्या घरात तिने संसार केला होता. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये तासभर उभे राहून तो वास एवढा मुरत नाही, हे तिला सांगावे लागले नाही. तिने मुलाला काही विचारले नाही, थोरलीला विचारले. थोरलीलाही ठाऊक नव्हते. तिला भावाचे जाणे दगाबाजीसारखे वाटले, आणि भावाने उलट तिलाच सुनावले की आईने तुझे कान भरले आहेत.

नातेवाइकांनी आपापली उत्तरे तयार ठेवली होती. आजीचा निरोप आला, "बापाचं नाव लावतीस न्हवं, मग सही कराय काय जातंय?" मामांचे म्हणणे की सही तर नाहीच, उलट थकलेल्या सगळ्या पैशांसाठी दावा लावायचा. तुला वडिलांकडून नेमके काय हवे आहे, हे मात्र तिला कोणी विचारले नव्हते. मी विचारले तेव्हा तिला लगेच उत्तर देता आले नाही.

समोरचे पर्याय

सही करून मोकळे व्हावे हा पहिला पर्याय तिला सर्वांत सोपा वाटत होता. त्यांचे काही नको, म्हणजे त्यांचा आपल्याशी काही संबंध नाही, अशी तिची मांडणी होती. अशी भावना मी इतर मुलींतही पाहिली आहे आणि तिच्यात स्वाभिमान आहे हे मान्य करायला हवे. पण हक्क सोडल्याने नाते सुटत नाही, आणि रागाच्या भरात सोडलेला हक्क पुढे राग ओसरल्यावर परत येत नाही. म्हणून कायदा काय म्हणतो हे तिला आधी नीट कळणे आवश्यक होते.

हिंदू वारसा कायद्याच्या कलम ६ मध्ये झालेली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आली आणि मुलगी जन्मानेच मुलाप्रमाणे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत सहहिस्सेदार झाली. कर्नाटकाने तर आधीच लग्न झालेल्या मुली वगळता इतरांना हा हक्क राज्य दुरुस्तीने १९९४ सालीच दिला होता. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी हा हक्क जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले. आईवडिलांच्या घटस्फोटाने पत्नीचा वारसाहक्क संपतो, मुलांचा संपत नाही. ही शेवटची गोष्ट थोरलीला, धाकट्याला आणि आईलाही ठाऊक नव्हती. आपण ते घर सोडले म्हणजे मुलांचेही तिथले सगळे संपले, असेच आई इतकी वर्षे धरून चालली होती.

दुसरा पर्याय मामांचा, म्हणजे वाटणीसाठी आणि थकलेल्या पैशांसाठी एकदमच न्यायालयात जाण्याचा. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० प्रमाणे मुलांच्या निर्वाहाची वडिलांची जबाबदारी ती अज्ञान असेपर्यंत असते. अविवाहित मुलीच्या बाबतीत ती स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल तर पुढेही राहते. थोरली कमावती होती, धाकट्याला अठरा पूर्ण झाली होती, त्यामुळे पुढच्या खर्चासाठी कायद्याचा आधार तुटपुंजा होता. मागच्या थकबाकीचा विषय आईच्या हुकुमाचा होता आणि आईने तो उकरून काढायला स्पष्ट नकार दिला. कोर्टाची पायरी पुन्हा चढण्यापेक्षा आणखी दहा ब्लाऊज शिवीन, असे ती म्हणाली.

आधी वडिलांना भेटावे, मन मोकळे करावे आणि मग सहीचे ठरवावे, हा तिसरा पर्याय. तो धाकट्याने सुचवला आणि वरवर पाहता शहाणपणाचा वाटतो. मला तो सर्वांत धोक्याचा वाटला. सही बाकी असताना झालेल्या भेटीत वडील गोड बोलले तर ते सहीसाठी बोलले अशी शंका मुलीच्या मनातून कधीच गेली नसती, आणि तिने सही नाकारली असती तर भेटीत बोललेले सगळे वडिलांना हिश्शासाठी केलेले नाटक वाटले असते. जमीन आणि माया एका ताटात वाढली की दोन्हीही विटतात.

त्यामुळे चौथा पर्याय पुढे आला. हक्काचे प्रश्न हक्काच्या मार्गाने, लेखी आणि तिसऱ्या माणसाकरवी सोडवायचे. वडिलांशी बोलणे त्यापासून पूर्ण वेगळे ठेवायचे, आणि ते कधी सुरू करायचे किंवा करायचे की नाही हे थोरलीने आपल्या मनाने ठरवायचे. धाकट्याचा निर्णय हा धाकट्याचा. दोघांनी एकच भूमिका घ्यायची सक्ती नाही.

धाकट्याने केलेल्या कान भरल्याच्या आरोपाचाही येथे विचार करावा लागला. अमेरिकेत जोन केली आणि जॅनेट जॉन्स्टन या संशोधकांनी २००१ साली मांडलेला एक भेद अशा वेळी फार उपयोगी पडतो. मूल एका पालकाला नाकारते तेव्हा ते दुसऱ्या पालकाच्या प्रभावाखाली, कारणाच्या मानाने अवाजवी टोकाला जाऊन नाकारते, की स्वतः अनुभवलेल्या वागणुकीमुळे दुरावते, हे वेगळे करून पाहावे, असे त्या सांगतात. थोरलीने मारहाण डोळ्यांनी पाहिली होती आणि भेटी बंद केल्यावर वडील विचारायला आले नाहीत हेही तिने स्वतः सोसले होते. आई वडिलांविषयी कडवट बोलत असे हे खरे, पण त्या बोलण्यानेच तिचे मत बनले असे म्हणणे तिच्यावर अन्याय करणारे होते. हे मी धाकट्याला तिच्यासमोरच सांगितले. मारहाणीचा प्रसंग त्याने बहिणीच्या तोंडून त्या दिवशी प्रथम ऐकला.

काय केले

प्रथम कागद समजून घेतला. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. थोरली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेली आणि तिथे मिळालेल्या वकीलबाईंनी हक्कसोडपत्र ओळीओळीने मराठीत सांगितले. त्यात एक वाक्य असे होते की लिहून देणारीला तिच्या हिश्शाचा मोबदला रोख पोहोचला असून तिची कोणतीही तक्रार उरलेली नाही. तिला एक पैसाही मिळालेला नव्हता. फुकट सोडायला ती तयार झाली असती; न मिळालेले मिळाले म्हणून लिहून द्यायला ती तयार झाली नाही. माझ्या मते निर्णय खऱ्या अर्थाने इथे झाला. वकीलबाईंच्या मदतीने तिने काकांना आणि वडिलांना लेखी कळवले की हक्कसोड करणार नाही, वाटणीपत्रात दोघा भावंडांची नावे घ्यावीत आणि याविषयीचे पुढचे बोलणे वकिलांमार्फत व्हावे. धाकट्याने बरीच चलबिचल करून त्याच पत्रावर सही केली. वडील शेडवर येऊ नको म्हणतील ही भीती त्याला होती, आणि ती अनाठायी नव्हती.

दुसरा निर्णय धाकट्याच्या लपवाछपवीचा. आईला कळले आहे हे त्याला माहीत नव्हते. थोरलीने मध्यस्थी करावी असे आईला वाटत होते. मी तसे न करण्याचा सल्ला दिला, कारण वडील आणि आई यांच्यामध्ये निरोप्याचे काम थोरलीने लहानपणी पुरेसे केले होते. धाकट्याने स्वतः सांगितले. आई दोन-तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही. नंतर तिने विचारले ते एवढेच: "मजुरी देतो का?" देत नव्हते. वडिलांच्या लेखी मुलगा काम शिकत होता. आईच्या लेखी तिचे दागिने जसे न विचारता वापरले तसेच मुलाचे हात वापरले जात होते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मुलाने वडिलांजवळ मजुरी मागावी का, यावर आमचे बरेच बोलणे झाले. मागितली तर आपण कामगार ठरू, असे त्याला वाटे. शेवटी त्याने मागितली. वडील आधी हसले, मग शेडमधल्या हेल्परला देतात तेवढी रोजची रक्कम द्यायला कबूल झाले, आणि शनिवारी इतरांच्या रांगेत उभे करून त्यांनी ती दिली. त्याला रांगेत उभे राहणे खटकले, पण पैसे त्याने आईला न देता आपल्या परीक्षा शुल्कासाठी ठेवले, आणि आईनेही ते मागितले नाहीत.

थोरलीची वडिलांशी भेट यानंतर काही आठवड्यांनी झाली, तीही तिच्या इच्छेने. भेट किल्ला तलावाकाठी, दिवसाउजेडी, एक तास. आत्या, काका, धाकटा कोणीही बरोबर नको. शेताचा विषय काढायचा नाही. या अटी तिने धाकट्याच्या फोनवरून वडिलांना स्वतः सांगितल्या. तिने तीन प्रश्न वहीच्या कागदावर लिहून नेले होते. वडील प्लॅस्टिकची फाइल घेऊन आले. बाकावर बसल्या बसल्या त्यांनी ती उघडली आणि २०१५ ते २०१८ पर्यंतच्या बँकेत पैसे भरल्याच्या पावत्या एकेक करून तिच्यासमोर ठेवायला सुरुवात केली. काही पावत्यांची शाई उडाली होती. त्यांवर त्यांनी बॉलपेनने महिना लिहून ठेवला होता. वडिलांनी कधी काही दिले नाही असेच ती ऐकत आली होती. ती गोंधळली, पण तिने फाइल मिटवून आपला कागद काढला.

मी यायचे बंद केल्यावर तुम्ही विचारायला का आला नाही, हा तिचा पहिला प्रश्न. "तुझ्या आईनं कळवलं, ती येणार नाही म्हणून. मग मी कुठल्या तोंडानं येणार होतो?" पैसे का थांबवले, यावर त्यांनी दुसरा संसार आणि कमी झालेली कामे सांगितली. आईला मारले हे तुम्हाला मान्य आहे का, या तिसऱ्या प्रश्नावर ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की तेव्हा डोके ठिकाणावर नव्हते. हे उत्तर नाही, असे तिने सांगितले. त्यांनी पुन्हा काही म्हटले नाही. तास झाल्यावर ती उठली. त्यांनी फोन नंबर मागितला, तो तिने दिला.

भेटीनंतर मोठा प्रश्न पावत्यांचा होता. आईने खोटे सांगितले असे धरून घरी भांडण काढायचे की गप्प राहायचे, असे दोनच मार्ग तिला दिसत होते. तिने आईकडे जुने पासबुक मागितले आणि दोघींनी ते शेजारी बसून पाहिले. तीन वर्षे पैसे आले होते; पण काही महिने उशिरा, काही अर्धे, आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे प्रत्येक वेळी कोणाला तरी मध्ये घालून मागितल्यावर. "मागून मिळालेलं दिलं म्हणायचं का?" असे आईने विचारले. थोरलीने त्याचा निवाडा केला नाही. वडिलांच्या फाइलमधले खरे होते आणि आईचा अनुभवही खरा होता. एकाला न्याय देण्यासाठी दुसऱ्याला खोटे पाडायची गरज नाही, इथपर्यंत ती स्वतः आली.

निष्पत्ती

पत्रामुळे वडील चिडलेलेच होते. भेटीत नंबर घेऊनही थोरलीला त्यांचा फोन पुढचे काही महिने आला नाही; धाकट्याला शेडवर येऊ दिले, पण बोलणे कामापुरते. हा काळ दोघांनाही जड गेला, आणि सही करून टाकली असती तर बरे झाले असते असे थोरली एकदा म्हणालीही. वाटणीपत्र व्हायला जवळजवळ वर्ष लागले. वडिलांच्या शाखेत दोघा भावंडांची नावे लागली आणि त्यांच्याबरोबर दुसऱ्या लग्नाच्या लहान मुलीचेही नाव अज्ञान म्हणून लागले, कारण कायद्याने तिघांचा हक्क सारखा आहे. त्या मुलीच्या आईने धाकट्याजवळ थोरलीविषयी चार चांगले शब्द काढले. हक्क नाकारल्या गेलेल्या मुलीच्या जागी उद्या तिची मुलगी उभी असती, हे तिला बहुधा इतरांच्या आधी उमगले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत धाकट्याला जातीच्या दाखल्यासाठी वडिलांच्या शाळेच्या दाखल्याची प्रत हवी होती. वडिलांनी ती मागितल्याच्या दुसऱ्या दिवशी काढून दिली आणि थोरलीसाठी आणखी एक प्रत त्याच पाकिटात ठेवली. तिने फोन करून ती मिळाल्याचे सांगितले. आता त्यांचे महिन्यातून एखाद्या वेळी बोलणे होते, बहुतेक कामाचे, नोकरीचे, कधी आजीच्या तब्येतीचे. ती त्यांच्या घरी गेलेली नाही आणि सध्या जाणार नाही असे तिने सांगितले आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजून मिळालेले नाही. त्याच्या उत्तराखेरीज नाते एका मर्यादेपलीकडे नेणार नाही, ही तिची भूमिका मला पूर्णपणे रास्त वाटते. धाकटा डिप्लोमा संपवून पुण्याला एका कारखान्यात लागला. वडिलांशी तो कामावरून फोनवर वादही घालतो, आणि त्या वादात घटस्फोट येत नाही. आईचा वडिलांविषयीचा कडवटपणा कमी झालेला नाही. तो कमी व्हावा असा आमचा प्रयत्नही नव्हता. मुलांच्या येण्याजाण्यावर तो आडवा येऊ नये एवढेच पाहिले.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी संधी २०१५ सालीच गेली. परस्पर संमतीच्या तडजोडीत पैसे आणि रविवार यांपलीकडे आणखी काही गोष्टी लिहिता आल्या असत्या: मुलांच्या नावाची कागदपत्रे दोन्ही घरी प्रतींसह राहतील, उच्च शिक्षणाचा खर्च कोणत्या प्रमाणात वाटला जाईल, आणि मूल भेटीला यायचे थांबले तर ठरावीक मुदतीत मध्यस्थाकडे जाऊन त्याचे कारण विचारले जाईल. शेवटची अट असती तर थोरलीची आठ वर्षे गैरसमजात गेली नसती. मजकूर सही करणाऱ्याच्या भाषेत लेखी स्वरूपात हाती देणे ही तर सीमाभागात किमान गोष्ट मानायला हवी. वाचून दाखवले म्हणजे समजले असे होत नाही.

भेटींची जागाही चुकीची होती. नातेवाइकाच्या घरी मूल पाहुणे असते आणि साक्षीदारही. वडिलांनी मुलांना शेडवर, बाजारात, बागेत कुठेही नेले असते तरी त्यांना एकमेकांचा सहवास मिळाला असता. अ‍ॅरिझोनात विल्यम फॅब्रिशियस आणि जेफ्री हॉल यांनी घटस्फोटित पालकांच्या महाविद्यालयीन मुलांना त्यांच्या लहानपणाविषयी विचारले होते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वडिलांबरोबर आणखी वेळ हवा होता, असे सांगणाऱ्या मुलांची संख्या मोठी होती. तिथली कुटुंबे आणि आपली कुटुंबे यांत फरक आहे, आणि जिथे मारहाण झाली आहे तिथे जास्त वेळ हे सरसकट उत्तर असू शकत नाही. तरी स्कूटरवर पुढे उभा राहणारा धाकटा लपूनछपून लेथपर्यंत का गेला, हे समजायला त्याचा उपयोग होतो.

तलावाकाठच्या भेटीआधी वडिलांशी कोणीतरी स्वतंत्र बोलायला हवे होते. ते समुपदेशकाकडे येणार नव्हते, पण उद्यमबागेत त्यांचा ज्यांच्यावर विश्वास आहे असा जुना सहकारी किंवा मालक चालला असता. मुलगी हिशेब मागायला येत नाही एवढे त्यांना आधी कळले असते, तर ते फाइल न घेता आले असते, आणि तिसऱ्या प्रश्नाला तोंड देण्याची थोडी तयारी करून आले असते. हे अजूनही करता येण्यासारखे आहे. थोरलीच्या लग्नाचे बोलणे घरात सुरू झाले आहे; पत्रिकेत कोणाची नावे, बोहल्याजवळ कोण उभे राहणार, हे प्रश्न फार लांब नाहीत. वडिलांचे नाव पत्रिकेत असावे असे तिला वाटते, कन्यादान मात्र आईने करावे असे तिने आईला सांगितले आहे. वडिलांना हे सगळे, स्थळ पक्के होण्याआधी आणि तिच्याच तोंडून कळावे, काकांकरवी नव्हे, यावर तिचे माझ्याशी एकमत झाले आहे.